हत्यार खाली ठेवणारी पलटण: बंड, अहिंसा आणि ख्रिस्तकथेचं रूपक असलेली युद्धकादंबरी कशी रचावी

पहिल्या महायुद्धातली फ्रेंच पलटण हल्ल्याला नकार देते, त्या नकारामागे एक साधा कॉर्पोरल असतो आणि त्याच्या शेवटच्या दिवसांवर येशूच्या दुःखसहनाची सावली पडते, हा कथाप्रकार लिहायला अतिशय अवघड आहे. विल्यम फॉकनरला 'अ फेबल' ही याच बीजाची कादंबरी पुरी करायला दहा वर्षांच्या आसपास लागली. ती १९५४ साली आली. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावातल्या त्याच्या घरी खोलीच्या भिंतीवर वारांच्या नावांखाली लिहून काढलेला तिचा आराखडा आजही बघायला मिळतो. या वाटेने जाणाऱ्याची तुलना त्या पुस्तकाशी होणारच. त्यामुळे त्यातला एखादा प्रसंग उचलण्यापेक्षा मूळ इतिहासात आणि मूळ शुभवर्तमानात उतरणं बरं. तिथे अजून भरपूर न वापरलेलं सामान पडून आहे.

आधी नकार नेमका कशाला, ते ठरवा

बहुतेक कच्चे खर्डे इथेच फसतात. 'सैनिकांनी लढायला नकार दिला' या एका वाक्यात निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

हल्ला करणार नाही, पण खंदक राखू, हा पहिला नकार. १९१७ च्या फ्रेंच बंडांचा मुख्य सूर हाच होता. दुसरा नकार संपाच्या जातीचा: रजा द्या, धड जेवण द्या, विसावा द्या, मग बोलू. तिसरा नकार एका विशिष्ट हुकुमाला असतो. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निःशस्त्र जमावावर गोळी चालवायला नकार दिला, तो या जातीचा. चौथा नकार म्हणजे माणूस मारणारच नाही, कुणाच्याही सांगण्यावरून नाही. इ. स. २९५ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या तेबेस्सा इथे मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणाने ख्रिस्ती असल्यामुळे सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि जीव गमावला. ब्रिटनमध्ये १९१६ च्या सक्तीच्या भरतीनंतर विवेकबुद्धीने नकार देणाऱ्यांपैकी ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला गेला आणि मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला गेला. तेही याच पंक्तीतले.

अहिंसा म्हणजे फक्त हा चौथा नकार. बंड बहुधा पहिल्या तीनांतलं असतं. तुमचा कॉर्पोरल चौथ्यात उभा आणि पलटण पहिल्या-दुसऱ्यात, ही फट म्हणजेच कादंबरी. ती बुजवू नका. तीन हजार माणसं एका रात्रीत अहिंसावादी झाली असं लिहिलंत तर एकही वाचक विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

लिहायला बसण्यापूर्वी एक काम करा. दहा-बारा सैनिकांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचा नकार या चारांपैकी कोणता, ते टाका. चौथ्या रकान्यात दोनापेक्षा जास्त नावं आली तर यादी पुन्हा करा.

जमीन: १९१७ चा वसंत

सेनापती निव्हेल याने दोन दिवसांत जर्मन फळी फोडण्याचं आश्वासन देऊन १६ एप्रिल १९१७ रोजी शमँ द दाम इथे चढाई सुरू केली. फळी फुटली नाही. पहिल्या दहा दिवसांत मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून लाखाहून अधिक फ्रेंच सैनिक गेले. १५ मेला निव्हेलच्या जागी पेतँ आला, पण तोवर पलटणी पुन्हा आघाडीवर जायला नकार देऊ लागल्या होत्या. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला बंडाने कळस गाठला. त्याची झळ जवळपास निम्म्या डिव्हिजनना कमीअधिक लागली. सुमारे ५५० मृत्युदंड सुनावले गेले आणि ५० च्या आत अंमलात आले.

यातून तीन गोष्टी उचलायच्या. एक, बंड खंदकात कमी आणि पिछाडीच्या गावांत जास्त झालं, म्हणजे विसाव्याला आलेल्या पलटणीला 'पुन्हा वर चला' असा हुकूम मिळाला तेव्हा. गोळ्यांच्या वर्षावात नकार देणारी पलटण रंगवायची असेल तर तशी रंगवा, पण तुमचं दृश्य अपवाद आहे हे लक्षात ठेवून. दोन, अधिकाऱ्यांवर सरसकट हल्ले झाले नाहीत. कित्येक ठिकाणी सैनिक आपल्या कंपनीच्या अधिकाऱ्याशी आदराने वागले आणि तरीही हलले नाहीत. हा तपशील अहिंसेच्या कथेला सोन्याच्या मोलाचा आहे. तीन, बंड मोडलं ते बंदुकांइतकंच भाकरीने. पेतँने दर चार महिन्यांनी सात दिवसांची रजा पक्की केली, जेवण आणि विसाव्याची सोय सुधारली, मोठ्या चढाया थांबवल्या.

हा तिसरा मुद्दा रूपकाच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत आहे. अरण्यात सैतानाने येशूला पहिला मोह दाखवला तो दगडांच्या भाकरी करण्याचा. पलटणीला ती भाकर मिळाली, तिने ती घेतली आणि ती खंदकात परत गेली. तिचं चुकलं असं म्हणायचा अधिकार लेखकाला नाही. पण कॉर्पोरल एकटा पडतो तो याच क्षणी. एखाद्या दगाबाज माणसामुळे एकटा पडण्यापेक्षा हे कितीतरी खोल आहे.

पंचांग जुळवून घ्या

रूपकाला दिवस लागतात आणि दिवस खरे असले तर अर्धं काम आपोआप होतं. १९१७ मध्ये ईस्टर ८ एप्रिलला होता, म्हणजे निव्हेलची चढाई ईस्टरनंतर आठ दिवसांनी, सोमवारी सुरू झाली. बंडाच्या दिवसांत शुभशुक्रवार, म्हणजे येशूच्या मृत्यूचा गुड फ्रायडे, येतच नाही. येतो तो पेन्टेकॉस्ट, २७ मे. त्याच रविवारी व्हिलेर-स्युर-फेर या गावात पो शहराच्या १८ व्या पायदळ पलटणीच्या एका बटालियनने वर जायला नकार दिला. पाच जणांना मृत्युदंड झाला, त्यातल्या तिघांना १२ जूनला मेझी इथे गोळ्या घातल्या गेल्या. कॉर्पोरल व्हिन्सेंत मूलिया मात्र तोफांच्या माऱ्यात निसटला आणि पुढे स्पेनमध्ये गेला.

म्हणजे इतिहासाने दिलेलं पर्व दुःखसहनाचं नाही. ते शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरण्याचं आहे, परक्या भाषा एकमेकांना कळण्याचं आहे. आणि निव्हेलच्या चढाईत रशियन ब्रिगेडही होत्या. त्यांनी पुढे सप्टेंबरमध्ये ला कुर्तीनच्या छावणीत बंड केलं आणि ते तोफा डागून मोडलं गेलं. बास्क, ब्रेतों, रशियन आणि पलीकडे जर्मन: भाषांचा चमत्कार घडवायला एवढं सामान हाताशी असताना सगळे लेखक त्याच शुभशुक्रवाराकडे का धावतात, हे कोडंच आहे.

शुभशुक्रवारच हवा असेल तर १९१८ घ्या. त्या वर्षी तो २९ मार्चला होता आणि त्याच दिवशी जर्मनांच्या लांब पल्ल्याच्या तोफेचा गोळा पॅरिसच्या सँ-झेर्वे चर्चवर उपासना चालू असताना पडला. ८० हून अधिक माणसं मेली. आणि ११ नोव्हेंबर, युद्धबंदीचा दिवस, हा तूरच्या संत मार्टिनचा सण आहे. मार्टिन रोमन सैनिक होता. 'मी ख्रिस्ताचा सैनिक, मला लढता येत नाही' असं सांगून तो निःशस्त्र आघाडीवर उभं राहायला तयार झाला. आख्यायिका म्हणते की दुसऱ्या दिवशी शत्रूनेच तह मागितला. आख्यायिकेने मार्टिनची सुटका केली, पण तुमच्या कॉर्पोरलची तशी करू नका. शत्रू आला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न तिथे टाळला गेलाय आणि कादंबरीला तो टाळता येत नाही.

प्रत्येक जुळणीला लष्करी कारण

या सगळ्या खटाटोपातला एकच पक्का नियम सांगायचा तर तो हा. रूपकातली प्रत्येक जुळणी, शुभवर्तमान कधीही न वाचलेल्या वाचकालाही लष्कराच्या रोजच्या व्यवहारातून पटली पाहिजे. पटत नसेल तर ती ओढूनताणून आणलेली आहे, काढून टाका.

बारा शिष्य घ्या. युद्धाच्या सुरुवातीच्या फ्रेंच रचनेत कॉर्पोरलच्या हाताखालची तुकडी, 'एस्कुआद', साधारण पंधरा माणसांची असे. दोन-तीन जण मेले किंवा इस्पितळात गेले की बारा उरतातच. आकडा सांगूसुद्धा नका. वाचक मोजेल.

शेवटचं भोजन तर शिधा वाटपातच तयार आहे. सैनिकी पाव गोल, दीड किलोचा, दोघांत एक. दारू म्हणजे 'पिनार', १९१६ नंतर दिवसाला अर्धा लिटर, पाव लिटरच्या पत्र्याच्या पेल्यातून. तेरा माणसांना साडेसहा पाव आणि साडेसहा लिटर वाइन, म्हणजे दोन लिटरच्या तीन चंबूंवर अर्धा लिटर उरते. सामान आणणारी माणसं रात्री पिछाडीच्या स्वयंपाकगाडीपर्यंत जातात आणि पाव दोरीत ओवून खांद्यावर टाकून चिखलातून परततात. दृश्य लिहिताना नजर इथे ठेवा: तो उरलेला अर्धा पाव कॉर्पोरल कुणाला देतो, पावाच्या कवचावर चिकटलेली माती नखाने कशी खरवडतो, वाइन सांडू नये म्हणून पेला गुडघ्यांत कसा धरतो. 'हे माझं शरीर' यासारखं एकही वाक्य त्याच्या तोंडी घालू नका. घातलंत की दृश्य मेलं.

येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा कोण? रोज रात्री सामान आणायला पिछाडीला जाणारा माणूस. पोलिसांशी, कारकुनांशी बोलायची संधी फक्त त्यालाच मिळते. त्याची किंमत तीस नाणी नको, सही-शिक्क्याचा रजेचा कागद ठेवा. घरी बाळंत बायको असेल, दोन वर्षांत रजा मिळाली नसेल. वाचकाला त्याचा राग यायला नको, पोटात गोळा यायला हवा.

येशूला ओळखतच नाही, असा शिष्य पेत्राचा तीनदा नकार: गणवेशाच्या कॉलरवर पलटणीचा आकडा असतो. तो आकडा उसवलेल्या माणसाला तीन वेगवेगळ्या चौक्यांवर 'कुठली पलटण?' असं विचारलं जाणं हा रोजचा सोपस्कार आहे. कोंबडा आरवायला पिछाडीचं गाव आहेच, पण कोंबडा गाळलात तर आणखी चांगलं.

पिलात, म्हणजे येशूला मृत्युदंड देऊन हात धुणारा रोमन अधिकारी, इथे दयेच्या अर्जाची फाइल होतो. फ्रान्समध्ये मृत्युदंडावर अध्यक्षांकडे दया मागता येई. जून १९१७ मध्ये काही गुन्ह्यांसाठी ही वाट काही काळ बंद झाली. हात धुणारा अधिकारी दाखवण्यापेक्षा, कालपर्यंत उघडा असलेला रस्ता आज एका परिपत्रकाने बंद झाल्याचं कारकुनाच्या तोंडून कळू द्या.

निवड कशी होते, हेही ठरवावं लागेल. सगळ्या पलटणीला गोळ्या घालता येत नाहीत. मार्च १९१५ मध्ये सुएँ इथे ३३६ व्या पलटणीच्या एका कंपनीने खंदकातून बाहेर पडायला नकार दिला, तेव्हा सहा कॉर्पोरल आणि अठरा सैनिक कोर्टापुढे उभे केले गेले. १७ मार्चला चार कॉर्पोरलना गोळ्या घातल्या. त्यांच्यावरचा डाग पुसला जायला १९३४ उजाडलं. त्यासाठी त्यांच्यातल्या तेओफिल मोपाच्या पत्नीने, ब्लांश मोपा यांनी, वर्षानुवर्षं झुंज दिली. कबरीपाशी येणाऱ्या स्त्रिया रंगवताना नुसतं रडणं दाखवू नका. अर्ज, वकील, साक्षी, पुन्हा अर्ज, हे त्या स्त्रियांचं खरं काम आहे.

गोळ्या घालण्याचं दृश्य

हे दृश्य बहुतेक लेखक भावनेच्या भरात उरकतात. नियम कोरडे आहेत, ते कोरडेच ठेवा. फ्रेंच पथकात बारा नेमबाज: चार सार्जंट, चार कॉर्पोरल, चार सैनिक. वेळ पहाटेची. आरोपी खांबाला बांधलेला, डोळ्यांवर पट्टी. निकाल वाचला जातो, गोळ्या सुटतात, मग एक सार्जंट दर्जाचा माणूस जवळ जाऊन शेवटची गोळी घालतो. त्यानंतर हजर तुकड्या प्रेतासमोरून संचलन करत जातात.

शिष्य बारा आणि नेमबाजही बारा, हे तुम्हाला दिसलं असेलच. वाचकालाही दिसेल, त्यावर निवेदकाने बोट ठेवू नये. खांबाला वधस्तंभ म्हणू नये, काटेरी तारेचा मुकुट करू नये. तार वापरायचीच असेल तर ती कामाला लागू द्या: खांब ढिला आहे, म्हणून तो कुंपणाच्या तारेने आवळलाय. चार कॉर्पोरल आपल्याच दर्जाच्या माणसावर नेम धरतात आणि त्यातला एक बंदूक खांद्याला लावताना कोपर नीट टेकवू शकत नाही, एवढं पुरे.

सेनापतीला हरवू नका

अहिंसेची कादंबरी बहुतेक वेळा इथे दुबळी पडते: सेनापती मूर्ख, क्रूर, मिशाळ. वाचक आधीच कॉर्पोरलच्या बाजूने असतो, मग वाद कशाचा? सेनापतीला त्याची सर्वांत बळकट बाजू द्या. ती अशी: 'तुझी पलटण हत्यार खाली ठेवेल, समोरची ठेवणार नाही. उद्या इथे भगदाड पडेल आणि तुझ्या बारा माणसांऐवजी बारा गावं जळतील. तुझा हात स्वच्छ राहावा म्हणून किती मरायचे?' याला कॉर्पोरलकडे चोख उत्तर नसावं. बंडांची खरी व्याप्ती जर्मनांना वेळेत कळली नाही, हा इतिहास आहे. कळली असती तर, हे वाक्य सेनापतीच्या हातातलं सर्वांत धारदार शस्त्र आहे. ते त्याला वापरू द्या.

गांधीजींचं मतही इथे उपयोगी पडेल. गढवाली सैनिकांबद्दल एका फ्रेंच पत्रकाराने विचारलं तेव्हा त्यांनी त्या आज्ञाभंगाचं समर्थन केलं नाही. हुकूम पाळण्याची शपथ घेतलेल्या सैनिकाने हुकूम मोडणं त्यांना मान्य नव्हतं. अहिंसा आणि बंड एकमेकांना किती टोचू शकतात, याचं याहून थेट उदाहरण सापडणं कठीण. तुमच्या कथेतल्या पाद्र्याला हा पेच द्या: मारू नको ही आज्ञा, आणि शपथ मोडू नको हीही.

पलीकडचा खंदक

एकतर्फी शांतता टिकत नाही, म्हणून समोरचा सैनिकही कथेत हवा. १९१४ च्या नाताळचा तात्पुरता विराम सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला कॅरोलचा भाग सगळे लिहितात. कामाचा भाग वेगळा आहे: दोन्हीकडची माणसं एकत्र आली ती बऱ्याच ठिकाणी मधल्या जमिनीवरची आपली प्रेतं पुरायला. शांततेला आधी काहीतरी हाताने करायचं काम लागतं. तुमच्या दोन खंदकांनाही एक द्या: पाण्याचा पंप, तुंबलेला चर, अडकलेलं जनावर. भाषण देऊ नका.

मराठी कशी असावी

फ्रेंच सैन्यात नाईक, हवालदार, सुभेदार नसतात. हुद्दे कॉर्पोरल, सार्जंट, लेफ्टनंट असेच ठेवा, पण आजूबाजूची भाषा मात्र खंदक, पलटण, तुकडी, शिधा, दारूगोळा अशी मराठीच राहू द्या. एकाच दर्जाचे सैनिक एकमेकांना 'तू' म्हणतील. कॉर्पोरल आपल्या माणसांना 'तू' आणि माणसंही बहुधा त्याला 'तू'. कॅप्टनला 'तुम्ही'. सेनापतीने कॉर्पोरलला अचानक 'तुम्ही' म्हटलं, तर तो एक शब्द पानभर वर्णनाचं काम करेल.

शुभवर्तमानाचा सूर मराठीत आणायला आपल्याकडे जुनी वाट आहे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने मराठी ओवीत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. ते मोठ्याने वाचा. ओळी उचलण्यासाठी नाही, तर दुःखसहनाची कथा मराठी कानाला किती साध्या शब्दांत पोचते ते कळण्यासाठी. पुस्तकी, संस्कृतप्रचुर 'त्यागमूर्ती', 'दिव्य तेज' असे शब्द खर्ड्यात शोधून काढा आणि खोडा.

कथा भारतात आणायची असेल तर ख्रिस्तकथेची पाचर मारू नका. मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी खराब जेवण आणि अपमानास्पद वागणुकीवरून संप केला, पाच-सहा दिवसांत तो पसरला आणि मोडलाही. तिथली धार्मिक प्रतिमा वेगळी लागेल, कारण ते सैनिक वेगवेगळ्या धर्मांचे होते आणि एकत्र होते. एका धर्माची कथा त्यांच्यावर पांघरली तर बाकीच्यांच्या तोंडाला पानं पुसल्यासारखं होईल.

शेवट

पुनरुत्थान हा सर्वांत मोठा सापळा. कॉर्पोरलला जिवंत परत आणता येत नाही, आणि 'त्याचे विचार जिवंत राहिले' हे लिहिण्यात काही अर्थ नाही. १० नोव्हेंबर १९२० रोजी व्हर्दनच्या किल्ल्यात १३२ व्या पलटणीच्या ओग्युस्त तँ या तरुण सैनिकाने आठ शवपेट्यांपैकी सहावी निवडली. पलटणीच्या आकड्यांची बेरीज सहा, म्हणून. ती अज्ञात सैनिकाची झाली आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या विजयकमानीपाशी पोचली. हा प्रसंग हात शिवशिवायला लावणारा आहे, पण फॉकनरने आपल्या कॉर्पोरलचं प्रेत तिथेच नेऊन ठेवलंय. तो सोडा.

मूलियाची वाट मात्र मोकळी आहे. निसटलेला कॉर्पोरल सीमेपलीकडे वर्षानुवर्षं जगतो, त्याच्या जागी मेलेल्यांची नावं त्याला पाठ असतात, आणि त्याच्या गावातल्या स्मारकावर युद्धात पडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव घालावं की नाही यावर पंचायतीत वाद चालतो. पहिला खर्डा झाला की शुभवर्तमानाशी जुळणारी प्रत्येक ओळ लाल पेन्सिलीने अधोरेखित करा. एका पानावर दोनापेक्षा जास्त लाल रेघा दिसल्या, तर त्यातली सर्वांत सुंदर ओळ आधी खोडा.